उन्हात घातलेलं छत

आमच्या मधल्या खोलीत नवं माणूस आलं की पाणी पिता पिता त्याची मान वर जाते. मग ते गालातल्या गालात हसतं आणि विचारतं, "झुंबरबाई, छताचा तो एक तुकडा असा वाकडा कसा हो?" हसा बाई, हसा. सुताराच्या घरात वाकडं छत म्हटल्यावर कोण हसणार नाही? पण एकदा नीट बसून ऐकून घ्या, म्हणजे मला दर वेळी घसा कोरडा करायला नको.

आमचे मिस्त्री म्हणजे माझे मालक, पितांबर सुतार. चोपड्यातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. लाकडावर इतका जीव की कुठे लग्नाला गेलो तर नवरी बघायच्या आधी मांडवाचा खांब बोटानं वाजवून बघायचे. "पोकळ आहे," असं मोठ्यानं म्हणायचे आणि मी लाजेनं अर्धी व्हायची. असा हा लोकांची घरं सजवणारा माणूस, आणि आमच्या स्वतःच्या मधल्या खोलीवर नुसता उघडा पत्रा! फळ्यांचं छत करू, यंदा करू, पुढच्या वर्षी करू, असं करता करता पोरगी लग्नाला आली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे येऊन बघावा.

आणि आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच. चैत्र सरला की त्या पत्र्याखाली फळीवरचं तूप दिवसभर पातळ असायचं. उशी गरम, भांडी गरम, माठातलं पाणीसुद्धा कोमट.

सुनंदा आमची एकुलती एक. तिला धुळ्याला दिली. माणसं चांगली, घर पक्कं, वर गच्ची. लग्नानंतर पहिल्या आखाजीला आली, नव्वद सालची गोष्ट. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या लेकींचा सण. सासरी सोन्याच्या पाटावर बसवलं तरी आखाजीला लेक माहेरी आली पाहिजे, आंब्याचा रस आणि पुरणाची पोळी खाऊन झोक्यावर बसली पाहिजे. मिस्त्रींनी अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. पोरगी सकाळभर झुलली, गाणी म्हणाली आणि दुपारी मधल्या खोलीत जरा आडवी झाली. तासाभरानं बघते तर नाकातून रक्त आणि डोळे फिरलेले. ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी दोन बाटल्या सलाईन चढवलं, तेव्हा कुठे ती मला 'माय' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्याही येऊन तिला घेऊन गेले. भाईदास आप्पा. बोलले एकच वाक्य, तेही हळू आवाजात. "विहीणबाई, पोर आता आमची पण आहे. तिला भट्टीत कशी ठेवू?" मला असा राग आला, असा राग आला! पण करता काय, माणूस खरं बोलत होता.

त्यानंतर दोन आखाज्या सुनंदा आली नाही. मिस्त्री मात्र दोन्ही वर्षं पहाटे उठून निंबाला झोका बांधायचे. दिवसभर तो तसाच लोंबायचा. शेजारची शेवंताबाई आपल्या नातवंडांना म्हणायची, जा बसा, पण पोरं मिस्त्रींचं तोंड बघूनच परत फिरायची. दिवस मावळला की हे दोर सोडायचे, गुंडाळायचे आणि खुंटीला अडकवून न जेवता झोपायचे. मी एकदा विचारलं, "येणार नाही माहीत असून कशाला बांधता?" तर म्हणाले, "असू दे." मी पण पदर तोंडाला लावून चुलीकडे तोंड फिरवलं.

त्र्याण्णव साली महाशिवरात्रीच्या सुमाराला पत्र आलं. सुनंदाला पाचवा लागला होता. अहो, मी नाचायचीच बाकी होते! पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर जगाचा रिवाज. पण पत्राच्या खालच्या बाजूला व्याह्यांचं अक्षर होतं. "आखाजीला सूनबाईंना घेऊन येतो. दुपारी तुमच्या मधल्या खोलीत थर्मामीटर लावीन. पारा छत्तीसच्या वर गेला तर संध्याकाळच्या गाडीने तिला परत आणीन आणि बाळंतपण धुळ्यालाच होईल. राग नसावा."

आप्पांनी उभा जन्म हायस्कूलच्या प्रयोगशाळेत काढला होता, काचेच्या नळ्या धुण्यात. रिटायर झाले तरी थर्मामीटर सुटला नाही. मी म्हटलं, घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! मिस्त्री मात्र हसले. कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "येऊ दे त्यांना. सागवानी छत करतो. पारा वर चढायचंच विसरेल."

आता हे सागवान कुठलं, ते ऐका. सुनंदा जन्मली त्या वर्षी मिस्त्रींनी चांगलं जुनं सागवान मिळवलं होतं. वासे होते, फळ्या होत्या. मागच्या भिंतीला रचून, वर ताडपत्री टाकून ठेवलं होतं. पोरीचं काहीतरी चांगलं करायचं त्यातून, म्हणायचे. लग्नात पलंग करणार होते, तर तिकडून निरोप आला की पलंग आहे, लोखंडी कपाट द्या. ते लाकूड तसंच राहिलं. मी कधी चुलीसाठी एक ढलपी मागितली तरी अंगावर यायचे.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढायला गेले. बराच वेळ झाला, हाक नाही, आवाज नाही. मी मागे जाऊन बघते तर हे मातीत फतकल मारून बसलेले. हातात एक फळी. बोटानं दाबली की बोट आत जात होतं. वरून फळी जशीच्या तशी आणि आत सगळी माती. वाळवी! गावाला सांगत फिरणारा माणूस, की लाकूड भिंतीला टेकवू नका, खाली दगड ठेवा, वर्षातून दोनदा उलटंपालटं करा. आणि घरचा ढीग वीस वर्षांत एकदा उघडून पाहिला नाही, कारण उघडलं की वापरावंसं वाटेल, ही भीती!

बाहेर हे मराठी बोलतात, पण काळजाला लागलं की अहिराणीच निघते. "सुनंदानी माय," म्हणाले, "बठ्ठं खाई टाकं. बठ्ठं." सगळं खाऊन टाकलं होतं वाळवीनं. त्यांना रागवायला तोंड उघडलं होतं मी. तसंच मिटलं आणि त्यांच्या शेजारी मातीत जाऊन बसले.

सगळा ढीग उपसल्यावर एक वासा निघाला. एकच. सर्वांत वर होता म्हणून वाचला होता. मिस्त्रींनी तो वाजवला, कान लावला, पुन्हा वाजवला आणि पुसून घरात नेऊन ठेवला.

मग हे दीपचंद शेठच्या वखारीत गेले. तीस वर्षं तिथूनच लाकूड घ्यायचे. शेठ म्हणाले, "मिस्त्री, सागवान आहे, पण ओलं. दोन पावसाळे मुरल्याशिवाय तुम्हीच हात लावणार नाही." आणि आतून एक पांढरी शीट काढून यांच्यापुढे धरली. फोमशीट. "जळगावहून आणली. लाकडाच्या जागी आता हीच चालणार. पाण्यानं फुगत नाही, वाळवी तोंड लावत नाही. ही खालून ठोका, वर पत्र्याखाली थर्माकोल भरा. पत्र्याचा ताव खाली उतरायचा नाही."

मिस्त्रींनी शीट वाजवली. वाजेचना. घरी आले ते तणतणतच. "लाकूड विकणारा माणूस मला प्लास्टिक दाखवतो! मुकं आहे ते. टकटक केलं तर हूं नाही की चूं नाही. असल्याच्या खाली मी माझी पोर निजवू?"

मी म्हटलं, "बोलणारं लाकूड होतं ना तुमचं? त्यानं तरी सांगायचं होतं की मला वाळवी लागली."

जरा जास्तच लागलं ते. उठून बाहेर गेले.

पण मी गप्प बसणारी आहे का? दुसऱ्या दिवशी शेठकडून शीटचे दोन तुकडे मागून आणले. एक रांजणात बुडवला, वर वरवंटा ठेवला. दुसरा नेऊन त्या सडक्या ढिगात पुरला, वाळवीच्या पंगतीत. आठ दिवस थांबायचं ठरवलं. पाचव्या दिवशी पहाटे पाण्याला उठले, तर मिस्त्री रांजणावर वाकलेले. एका हातात ओला तुकडा, दुसऱ्या हातात फूटपट्टी.

"फुगला का?" मी विचारलं.

दचकले. "नाही."

"तसूभर तरी?"

"नाही म्हटलं ना! रोज मोजतोय मी." आणि पट्टी खिशात घालून निघाले. वाळवीनं दुसऱ्या तुकड्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. तेही त्यांनी माझ्या आधी उकरून पाहिलं होतं, माती वेगळी दिसत होती.

तरी एक अडचण त्यांच्या घशात अडकलीच होती. जेवताना बोलले. "लाकडाच्या छताला कडी मारून झोका टांगला असता. पोर आता अवघडलेली, बाहेर उन्हात निंबाखाली बसणार नाही. या फोमला झोका टांगू का मी?"

मी भाकरी थापता थापता म्हटलं, "छताला कशाला? तुमचा तो वासा काय आरतीला ठेवलाय?"

हात ताटात तसाच राहिला त्यांचा. मग उठले, न धुतल्या हातानं भिंतीपासून भिंतीपर्यंत खोली मोजली. वासा बरोब्बर पुरत होता. पत्र्याखाली आडवा टाकायचा, त्याला दोन कड्या, आणि शीटला दोन भोकं पाडून कड्या खाली काढायच्या. फोम ऊन अडवील, झोका सागवान पेलील. त्या दिवशी माणूस तीन भाकरी जेवला.

शीटा आल्या. लोखंडी अँगलची चौकट बसवली, थर्माकोल आलं, वाशाला चार वेळा तेल पाजून झालं. आखाजीला नऊ दिवस राहिले होते. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. आणि त्या दिवशी मी सकाळी बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या पापडांसाठी, ज्वारी कांडून घ्यायला गेले. तेवढाच वेळ घरात नव्हते हो! दुपारी येऊन बघते तर साऱ्या शीटा पत्र्यावर.

सुतारांच्या घराण्याचा नियम आहे तो. यांचे वडील सांगायचे, ज्यानं ऊन खाल्लं नाही ते घराला लावू नये. लाकूड कितीही कोरडं दिसो, बसवण्याआधी दोन उन्हं द्यायची, म्हणजे काय वाकायचं ते आधीच वाकून घेतं. पण ते लाकूड! हे प्लास्टिक, आणि खाली तापलेला पत्रा, वैशाखाच्या तोंडावरचा. काही शीटा निम्म्या पत्र्यावर, निम्म्या बाहेर. संध्याकाळी उतरवल्या तेव्हा एकही सरळ नव्हती. कोणी पन्हाळीसारखी, कोणी तळलेल्या पापडासारखी. एकीवर तर पत्र्याच्या नळ्या जशाच्या तशा उमटलेल्या.

शेवंताबाई कुंपणावरून ओरडली, "मिस्त्री, छत करताय का डोंगर?" गल्लीभर हशा. छगन शिंपी दुकान सोडून बघायला आला. दीपचंद शेठकडे निरोप पाठवला तर उत्तर आलं, जळगावहून दुसरा माल यायला पंधरा दिवस. मी तर अशी भडकले की विचारू नका. "चाळीस वर्षं हातात रंधा धरला आणि एवढी अक्कल नाही? विचारायचं तरी होतं कुणाला! पोर परत जाईल आता, त्याच पावली परत जाईल, आणि तुम्ही तो दोर गुंडाळत बसा!"

हे वाकडी शीट मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. हातानं सरळ करायला बघायचे, ती पुन्हा वाकायची. अंधार पडेस्तोवर तसंच. मी आतून बघत होते. खरं सांगू? माझा राग तिथंच विरघळला. पण बाईमाणसानं हे लगेच दाखवायचं नसतं, म्हणून मी नुसती कोरडी भाकरी नेऊन आपटली.

अक्कल आली ती दुसऱ्या दिवशी बिबडे घालताना. आमचे ज्वारीचे बिबडे उन्हात वाळतात तेव्हा कडा वळतात. मग आम्ही काय करतो? नरम आहेत तोवर उलटे करायचे, सपाट बसवायचे, वजन ठेवायचं. वाळले की तसेच राहतात. मी बिबड्याच्या हातानंच उठले. "अहो, ऊन लागून वाकल्या ना? मग ऊन देऊनच सरळ होतील. आणा इकडे!"

अंगणात शहाबादी फरशी होती, ती झाडून घेतली. दुपारी भर उन्हात शीटा तिच्यावर पसरल्या. वर पाटा, वरवंटा, जात्याची तळी, गव्हाची पोती, जे जड दिसेल ते. शेवंताबाई हसत आली आणि आपलं उखळ देऊन गेली. छगनच्या मशीनचं लोखंडी पायडलसुद्धा आलं. मिस्त्री ओल्या टॉवेलनं डोकं बांधून एकेका कोपऱ्यावर हात फिरवत होते. "नरम झाली. दाब. आता हलवू नको, सकाळपर्यंत निवू दे." मी त्यांना बिबड्याचं गणित शिकवत होते आणि ते शिकत होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर हे बघायला मिळालं.

सहा दिवसांत सगळ्या सरळ झाल्या. नळ्या उमटलेली ती एक तेवढी सुधारली नाही. दुसरी नव्हतीच, म्हणून तीच कोपऱ्यात ठोकली. तीच ती, जिला तुम्ही हसता.

आखाजीच्या दिवशी साडेअकराच्या गाडीनं सुनंदा आली. सातवा सरत आलेला, चेहरा कसा भरलेला. मिस्त्री दारात उभे. तिच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याकडे वळून, जणू मला दिसतच नव्हतं, असं म्हणाले, "मनी पोर उनी." माझी पोर आली, तेवढंच.

आप्पांनी पाय धुतले, छताकडे बघितलं, त्या वाकड्या तुकड्याकडे जरा जास्तच बघितलं, पण माणूस सभ्य, बोलले नाहीत. जेवणं झाली. रस त्यांनी चार वाट्या घेतला. मग धोतराच्या कनवटीला हात घालावा तसा कोटाच्या आतल्या खिशातून थर्मामीटर काढला आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवला. बाहेर त्रेचाळीस होता, बसस्टँडवरच बघून आले होते.

"तीन वाजता वाचीन," म्हणाले आणि खाटेवर टेकून बसले. "विहीणबाई, नियम तो नियम."

मी आणि मिस्त्री ओट्यावर. सुनंदा माझ्या मांडीला टेकून. मनात म्हटलं, कानबाई माते, त्या पाऱ्याला धरून ठेव. तीन वाजले. आतून हाक नाही. सव्वातीन झाले. मिस्त्रींना राहवेना, त्यांनी दार किलकिलं केलं.

आप्पा झोपले होते. साधे नाही हो, घोरत होते! पत्र्यावर माकडं येऊन थडाथड नाचली, तरी कूस बदलली नाही. साडेचार झाले, पावणेपाच झाले. धुळ्याच्या गाडीची वेळ होत आली तेव्हा मीच पेला वाजवला.

उठले. एकदम ओशाळले. चष्मा लावला, खिळ्याजवळ गेले, थर्मामीटर डोळ्याजवळ नेला, मग लांब नेला. आम्ही तिघं दारात उभे.

"किती आला हो?" मिस्त्रींनी विचारलं.

आप्पांनी थर्मामीटर पुसला आणि खिशात टाकला. "चहा ठेवा, विहीणबाई," म्हणाले. "गाडीला उशीर होतोय मला. मला एकट्याला."

मी चुलीशी पळाले ते रडत रडतच. सुनंदा सासऱ्यांच्या पाया पडायला वाकू बघत होती, तर त्यांनीच तिला धरलं. तो आकडा किती होता, ते त्यांनी पुढे पाच वर्षांनी, नातवाच्या वाढदिवसाला सांगितलं. अडतीस. म्हणाले, "पण मला त्या खोलीत झोप लागली. अडीच तास. मग पाऱ्याचं ऐकायचं की अंगाचं?"

आप्पा गेल्यावर उन्हं उतरली. मिस्त्रींनी झोक्याच्या पाटावर घडी करून गोधडी टाकली आणि सुनंदा बसली. झुलायचं नव्हतंच तिला. पाय जमिनीला टेकवून नुसती बसली होती, आंब्याची कोय चोखत. हे दोन्ही हातांनी दोर धरून उभे, हलू नये म्हणून. तिनं मान वर केली आणि हसून बापाला म्हणाली, "दादा, तो कोपरा वाकडा आहे."

"असू दे," मिस्त्री म्हणाले.

दिवेलागण झाली. दर वर्षी या वेळेला हे दोर सोडायचे. मी खुंटीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. ते पाटावरून हात फिरवत होते. पाट काढला, गोधडी काढली, दोराला मात्र हात लावला नाही. तो त्या वाशाला तसाच राहिला आणि दोन महिन्यांनी त्याच दोराला आम्ही पाळणा बांधला.